जुन्या कनूंची दुकानी मॉडेल्स: लिलावातले भाव खरंच चढलेत का, आणि बोली लावण्याआधी काय बघावं?

वल्हेकरी
मंडळी, १९०० ते १९४० च्या दरम्यान अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या कनू (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) बनवणाऱ्या कारखान्यांनी दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी छोटी मॉडेल्स बनवली. मेन राज्यातल्या ओल्ड टाऊन कंपनीची चार फुटी आणि आठ फुटी मॉडेल्स त्यात सर्वांत प्रसिद्ध. मोठ्या होडीसारखीच बांधणी: सीडरच्या फासळ्या, त्यावर सीडरच्या पातळ फळ्या, वरून कॅनव्हास, फिलर (कापडाची वीण बुजवणारा लेप) आणि रंग. चांगल्या अवस्थेतलं चार फुटी मॉडेल आज पाच आकडी डॉलरपर्यंत जातं. त्याच काळातली दुरुस्त केलेली, पाण्यात घालता येईल अशी सोळा फुटी कनू बहुतेक वेळा त्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळते.

दोन प्रश्न आहेत. ही वाढ खरी आहे की दोनचार विक्रमी आकड्यांचा गाजावाजा? आणि सध्या एका लिलावात एक चार फुटी हिरवं मॉडेल आलंय. 'ओल्ड टाऊन, सुमारे १९२०' असं वर्णन, अंदाज ६ ते ९ हजार डॉलर. फोटो पाचच. बघायचं काय?

सागवान
आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण पैसे तिथेच बुडतात.

आतून बघा. खऱ्या बांधणीत फळी फासळीला पितळी टॅकने (बारीक खिळ्याने) ठोकलेली असते. होडी ज्या लाकडी साच्यावर बांधतात त्यावर प्रत्येक फासळीच्या जागी लोखंडी पट्टी असते. बाहेरून टॅक ठोकला की त्याचं टोक त्या पट्टीवर आपटून वळतं आणि पुन्हा लाकडात रुततं. त्यामुळे आतल्या बाजूला फासळीवर वळलेल्या टोकांची बारीक, ओळीत बसलेली रांग दिसायला हवी. टॅकची डोकी बाहेर, कॅनव्हासखाली लपलेली. ही रांग नसेल, किंवा आत स्टेपलर पिन, डिंकाचे ओघळ, प्लायवूडचे थर दिसले, तर ती अलीकडची शोभेची वस्तू. आग्नेय आशियातून लॉज आणि रेस्टॉरंटच्या सजावटीसाठी ढिगाने आलेली मॉडेल्स अशीच: लाकडी पट्ट्या, इपॉक्सी, चकचकीत वॉर्निश, कॅनव्हासचा पत्ता नाही.

दुसरं, स्क्रू. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आला. 'सुमारे १९२०' म्हणून विकायला ठेवलेल्या मॉडेलच्या काठाच्या पट्टीत तो दिसला, तर एक तर तारीख चुकीची आहे किंवा पट्टी बदललेली आहे. दोन्हींचा परिणाम किमतीवर होतो.

ठोकताळा
भाववाढीबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. बहुतेक लोक तुलना चुकीची करतात.

एक: जुनी निकालपत्रं कधी नुसती हातोड्याची किंमत (शेवटची बोली) देतात, कधी बायर्स प्रीमियम (त्यावर खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायची जादा रक्कम) धरून. प्रीमियम २५ टक्के असेल तर १०,००० चे १२,५०० होतात. जुना आकडा प्रीमियमविना आणि नवा आकडा प्रीमियमसकट घेतला की बसल्या जागी पाव पट 'वाढ' तयार.

दोन: महागाई. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २००० साली सरासरी १७२ च्या आसपास होता, २०२४ मध्ये ३१३ च्या पुढे. म्हणजे २००० सालचे १०,००० डॉलर हे २०२४ चे साधारण १८,०००. तेव्हा १०,००० ला गेलेली वस्तू आज १५,००० ला गेली तर ती खरं म्हणजे स्वस्त झाली.

तीन, आपल्या लोकांसाठी: २००० साली डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४ च्या. तेव्हाचे १०,००० डॉलर म्हणजे साडेचार लाख, २०२४ चे १८,००० म्हणजे पंधरा लाख. वस्तूचं खरं मोल तिथेच, पण पुण्यात बसून बघणाऱ्याला भाव तिपटीहून जास्त चढलेला दिसतो.

खरी तुलना एकच: तोच नग पुन्हा विक्रीला आला तेव्हा काय झालं. तशा जोड्या शोधा, दोन्ही वेळच्या अवस्थेचे अहवाल शेजारी ठेवा, मग बोला.

लिलाववेडी
@ठोकताळा, गणित बरोबर आहे, पण सगळ्या मॉडेल्सना एकाच पारड्यात टाकून चालणार नाही. बाजार दुभंगलाय. मूळ रंग, मूळ कॅनव्हास, निर्मात्याचा खात्रीचा पुरावा आणि कुठल्या दुकानातून आलं याची माहिती असलेल्या नगांसाठी महागाई वजा करूनही चढाओढ आहे. निनावी, पुन्हा रंगवलेले, तुटक्या काठांचे नग वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतात.

चढाओढीचं कारणही नीट बघायला हवं. या एका वस्तूवर तीन वेगवेगळ्या जातीचे संग्राहक तुटून पडतात. लाकडी कनूंचे प्रेमी, शिकार-मासेमारीच्या जुन्या वस्तू जमवणारे (लाकडी बदकं, गळ, रीळ वगैरे), आणि दुकानी जाहिरातींच्या वस्तू गोळा करणारे. शिवाय डोंगरातल्या लाकडी बंगल्यांची सजावट करणारे आहेतच. पूर्ण आकाराच्या कनूला यातला फक्त पहिला गट उरतो, कारण सोळा फूट ठेवायचे कुठे? चार फुटी मॉडेल शेकोटीच्या वरच्या फळीवर बसतं. मोठी होडी महाग पडायला हवी हा आपला हिशोब इथे म्हणूनच उलटतो.

कोकणकडा
आठ फुटी घेतलं तर मुंबईच्या वन बीएचकेत होडी आत आणि माणसं गॅलरीत. :)

लिलाववेडी
@कोकणकडा, हसण्यावारी नेऊ नका, किमतीत तेच उतरतं. आठ फुटी कमी असूनही दुप्पट आकाराचे दुप्पट पैसे मिळतीलच असं नाही. ज्याच्याकडे उंच छत आहे तोच बोली लावतो.

सीडरगंध
सागवान यांच्या प्रतिसादात भर. ओल्ड टाऊनच्या मोठ्या कनूंवर आत, दोन्ही टोकांना, तळाजवळच्या नाळेच्या (होडीच्या टोकाच्या वळणाच्या) लाकडावर सिरियल नंबर ठोकलेला असतो आणि त्यापुढे फुटांत लांबी. कंपनीची बांधणीची कार्डं टिकली आहेत आणि ती स्कॅन झालेली आहेत. १९७९ साली सुरू झालेल्या वुडन कनू हेरिटेज असोसिएशनचे सभासद नंबरवरून कार्ड शोधून देतात: कधी बांधली, कुठला रंग, कुठल्या लाकडाचे काठ, कधी आणि कुठे पाठवली. मॉडेलवर नंबर सापडलाच तर सोनं. पण नाही सापडला म्हणून खोटं ठरवू नका, आणि 'ओल्ड टाऊन' असं डेकॅल (चिकटवलेलं छापील नाव-चिन्ह) दिसलं म्हणून खरं ठरवू नका. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी जुन्या डेकॅलच्या नव्या प्रती राजरोस विकत मिळतात. डेकॅल हा सगळ्यात कच्चा पुरावा.

पक्का पुरावा म्हणजे बांधणीच. मोठ्या कनूच्या टोकाला फळ्या कशा संपतात, फासळीच्या कडा कशा तासल्यात, डेकचा (दोन्ही टोकांवरच्या छोट्या लाकडी झाकणाचा) आकार कसा आहे, काठाची आतली-बाहेरची पट्टी टोकाला कशी निमुळती होते, ही त्या कारखान्याची सही असते. त्याच काळातल्या मोठ्या कनूचे फोटो समोर ठेवून जुळवा. केनेबेक, मॉरिस, ई. एम. व्हाइट हेही मेनमधलेच, आणि तिथले कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात जात. त्यामुळे साम्य बरंच असतं. कॅटलॉगात 'ओल्ड टाऊन' ऐवजी 'ओल्ड टाऊन धर्तीचं' किंवा 'ओल्ड टाऊनचं मानलं जाणारं' असं छापलं असेल तर त्या दोन शब्दांनी हमी निघून गेली असं समजा.

वल्हेकरी
वर्णनात 'ओल्ड टाऊन' असंच आहे, 'मानलं जाणारं' नाही. डेकॅल एका डेकवर. आतला फोटो एकच, तोही वरून.

सागवान
मग फोटो मागवा. ईमेलवर मागितले की बरीच लिलावगृहं देतात, आणि लेखी मागितले की उत्तरही लेखी मिळतं, ते पुढे वादात उपयोगी पडतं. दोन्ही नाळा आतून, तिरप्या उजेडात. फासळ्यांवरच्या टॅकच्या टोकांचा जवळून फोटो. काठाच्या पट्टीखाली कॅनव्हासची कड जिथे संपते ती जागा. दोन्ही टोकांची पितळी पट्टी आणि तिचे स्क्रू. दोन्ही बाजूंचे सलग फोटो, एकाच उजेडात.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं एकाच बाजूने ऊन खाल्लेल्या मॉडेलची एक बाजू फिकट आणि एक गडद असते. वय बनावट करणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही. तो सगळीकडे सारखं घासतो.

जवसतेल
कॅनव्हासबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. या वस्तूच्या किमतीचा सगळ्यात मोठा भाग त्यातच अडकलाय.

मोठ्या कनूवर कॅनव्हास बदलणं हे नेहमीचं काम आहे. काही दशकांनी फिलरला तडे जातात, पाणी शिरतं, जुना कॅनव्हास फाडून नवा चढवतात. त्याची पद्धत ठरलेली आहे. १० नंबरचा सुती कॅनव्हास (चौरस यार्डाला साधारण पंधरा औंस) लांबीत दुमडून झोळी करायची, दोन्ही टोकं शिकंज्यात धरून ताणायची, होडी त्या झोळीत बसवायची. मधल्या फासळीपासून सुरुवात करून टोकांकडे जात काठावर टॅक मारायचे. मग फिलर: उकळलेलं जवसाचं तेल, सिलिकाची बारीक पूड, थोडा रंग, पूर्वी त्यात सफेदा (शिशाची पांढरी पूड). तो हाताने रगडून विणीत जिरवायचा, गुळगुळीत होईपर्यंत, आणि चार ते सहा आठवडे वाळू द्यायचा. घाई केली तर वरचा रंग आधी कडक होतो आणि खालचा फिलर मऊच राहतो, मग रंगाला सुरकुत्या पडतात. नीट केलेल्या अशा कामाने मोठ्या होडीची किंमत घटत नाही, उलट वाढते.

मॉडेलचं नेमकं उलटं. ते पाण्यात जायचंच नव्हतं. म्हणजे कॅनव्हास बदलायची गरज कधी पडायला नको होती, आणि बदलला असेल तर कारखान्याच्या हातचा रंग, फिलर, डेकॅल, दुकानातले ओरखडे, सगळं गेलं. उरला फक्त लाकडी सांगाडा. जाणकार बोलीदार अशा नगाला अर्ध्यावर आणतात, पुष्कळदा त्याच्याही खाली.

ओळखायचं कसं? विणीवरून. छोट्या बांधणीला बारीक विणीचं कापड लागतं. मागाहून दुरुस्त करणाऱ्याने हाताशी असलेला १० नंबरचा जाड कॅनव्हास वापरला की टोकांच्या वळणावर तो दुमडतो, जाड घडी पडते आणि रंगातून वीण उठून दिसते. काठाच्या पट्टीखाली टॅकची रिकामी जुनी भोकं दिसली तर प्रश्न मिटलाच. पॉलिएस्टरचं कापड असेल तर काठाखालचा एक सुटा धागा पेटवून कळतं: सूत राख होतं, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते. अर्थात हे फक्त स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर.

तिरपी_रेघ
अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा, घेऊन प्रत्यक्ष पाहणीला जा. जुन्या नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट-पिवळं झळकतं, शेलॅक नारिंगी. नंतर मारलेले रंगाचे ठिगळ बहुधा काळे दिसतात. डेकॅलचा किंवा कापडाचा पांढरा भाग निळसर लख्ख पेटला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेलं ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरं जास्त शुभ्र दिसावं म्हणून घालायचं रसायन) आहे.

ठोकताळा
+१. शिशाच्या चाचणीच्या कांड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. कांडी लाल झाली की लोक 'जुनं' म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ साली आली, आणि फिलरमध्ये सफेदा त्याआधी सर्रास होता. म्हणजे १९६० च्या दशकात बदललेला कॅनव्हासही लाल दाखवेल.

मेपलपान
विषय सगळा मेनवरच चाललाय. कॅनडात ओंटारिओतल्या पीटरबरोचं काय? पीटरबरो कनू कंपनी १८९० च्या दशकापासून १९६१ पर्यंत चालली. तिथल्या कित्येक होड्यांवर कॅनव्हास नसायचाच. सीडर किंवा बासवूडच्या पट्ट्या काटेकोर जोडलेल्या, वर वॉर्निश. वर दिलेली कॅनव्हासची कसोटी अशा मॉडेलला लावली तर खरं मॉडेल खोटं ठरेल. तिथे पट्ट्यांचे सांधे, फासळ्यांमधलं अंतर आणि वॉर्निशचं वय बघायचं. पीटरबरोतल्या कॅनेडियन कनू म्युझियमची नवी इमारत २०२४ मध्ये उघडली, साठा पाहण्यासारखा आहे. तुलनेसाठी एवढं साहित्य एका छताखाली दुसरीकडे मिळणं कठीण.

शिडाची_दोरी
थोडं अवांतर होईल, पण भूर्जाच्या सालीच्या मॉडेल्सबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कारखानी मॉडेलला पाच आकडी किंमत, आणि पेनॉब्स्कॉट, मिकमॅक, मालिसीट या मूलनिवासी जमातींच्या कारागिरांनी बनवलेली छोटी सालीची कनू कोपऱ्यात 'पर्यटकांची आठवण' म्हणून पडलेली, हे मला पटत नाही. कनूचा घाटच मुळात त्यांचा. ओल्ड टाऊन गाव पेनॉब्स्कॉट नदीवर आहे आणि त्यासमोरच्या बेटावर ते लोक आजही राहतात.

एडविन टॅपन ॲडनी (१८६८–१९५०) यांनी मालिसीट कारागिरांकडून विद्या शिकून एकास पाच प्रमाणात शंभराहून अधिक सालीची मॉडेल्स बांधली, प्रत्येक जमातीचा घाट वेगळा राखून. ती व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. घाट ओळखायला शिकायचं तर तिथून सुरुवात करावी.

बघायचं काय तर: सालीची आतली बाजू बाहेर असते. हिवाळ्यात काढलेल्या सालीला आतून तपकिरी पापुद्रा असतो आणि तो खरवडून नक्षी काढतात. टाके स्प्रूसच्या चिरलेल्या मुळांचे, सांध्यांवर राळ. मिकमॅक कनूचा काठ मध्यभागी उंचावतो, ही खूण लांबूनही कळते. टाके राफियाचे किंवा सुतळीचे असतील तर सावध. आणि अमेरिकेत १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार दुसऱ्याने बनवलेली वस्तू मूलनिवासींची म्हणून विकणं गुन्हा आहे, तेव्हा विक्रेत्याकडून बनवणाऱ्याची माहिती लेखी मागा.

लिलाववेडी
@शिडाची_दोरी, पूर्ण सहमत. एक सांगू? वेगळा धागा काढा, इथे बुडेल.

पुणेरी_गलबत
यातलं एखादं भारतात आणायचं असेल तर? अंदाजे खर्च आणि कटकटी कुणी सांगेल का?

मोहोरबंद
@पुणेरी_गलबत, वजनाने फसू नका. चार फुटी मॉडेल वजनाला किरकोळ असतं, पण कुरिअरवाले आकारमान धरतात. १४० × ४५ × ४० सेंटिमीटरचा खोका, भागिले ५०००, म्हणजे ५० किलोचं भाडं.

खोका घन लाकडाचा असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो (लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिल्याचा). प्लायवूडचा खोका केला तर ही अट लागत नाही, म्हणून तोच करायला सांगा.

कस्टमचं वर्गीकरण वयावर ठरतं. ९७०६ हा मथळा १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा आहे. १९२० चं मॉडेल त्यात बसेल, १९३५ चं नाही. आणि वय सिद्ध करायचं तुम्हाला, त्यामुळे बिलावर 'सुमारे' असं मोघम न लिहिता आधारासकट लिहून घ्या. दर बदलत असतात, ते क्लिअरिंग एजंटकडून त्या महिन्याचे घ्या.

बांधाबांधीत एक गोष्ट कटाक्षाने: बबल रॅप थेट वॉर्निशला किंवा रंगाला लावू देऊ नका. उष्णतेत त्याच्या गोल गोल खुणा कायमच्या उमटतात. आधी आम्लविरहित टिश्यू, मग फोम, मग बाकी सगळं. भार काठावर नको, तळाखाली दोन ठिकाणी फासळ्यांच्या रेषेत आधार.

जवसतेल
आणल्यानंतरचं: हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर ठेवा. पावसाळ्यात ८५ आणि एसी लावला की ४०, या हेलकाव्यांनी सीडर फुगतं-आकसतं, पण वाळलेला फिलर त्याच्याबरोबर हलत नाही, मग कवचासारखा सुटतो. बंद काचपेटीत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा. आतल्या लाकडाला तेल चोळू नका, काळं पडतं आणि धूळ धरतं. पितळ घासू नका. रंगाचे पापुद्रे उठले असतील तर मऊ ब्रशही फिरवू नका, संवर्धकाकडे द्या. जुन्या रंगात शिसं आहे, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि तार बांधून छताला टांगू नका. दुकानांनी तसं टांगलेल्या मॉडेल्सच्या काठांवर तारेचे काप आजही दिसतात.

वल्हेकरी
लिलावगृहाचं उत्तर आणि फोटो आले. आत टॅकची टोकं ओळीत आहेत, स्क्रू सगळे सरळ खाचेचे, टोकाच्या फळ्या मोठ्या कनूशी जुळतात. पण काठाखाली रिकाम्या भोकांची एक रांग दिसते, टोकाला कॅनव्हासची जाड घडी आहे, आणि अहवालात आता 'कॅनव्हास बहुधा नंतरचा' अशी ओळ घातलीय. नंबर नाही. अंदाज मात्र ६ ते ९ हजारच.

सीडरगंध
मग सांगाडा खरा, कातडं नवं. डेकॅल डेकच्या लाकडावर आहे ना? ते मूळ असू शकतं. त्याचा अतिनील फोटो मागा. ते जुनं निघालं तर निर्मात्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

जवसतेल
अंदाज मूळ कॅनव्हासच्या नगाचा दिसतो. अहवाल बदलला, आकडा बदलायचा राहिला. अंदाजाच्या खालच्या टोकापर्यंतही जाऊ नये असं माझं मत.

ठोकताळा
आकडा असा काढा. सगळा खर्च धरून तुमची मर्यादा ५,००० डॉलर आहे समजा. त्यातून बांधणी आणि वाहतुकीचे, समजा, ४५० आधी वजा करा. राहिले ४,५५०. प्रीमियम २५ टक्के, त्यावर विक्रीकर, मॅसॅच्युसेट्समध्ये घेत असाल तर ६.२५ टक्के. ४,५५० भागिले १.२५, पुन्हा भागिले १.०६२५: साधारण ३,४२५. म्हणजे हातोडा ३,४०० च्या वर गेला की थांबायचं. हा आकडा गैरहजर बोली म्हणून आधीच लेखी देऊन टाका, फोनवर राहू नका. राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता नग सोडत नाही ती) बहुधा खालच्या अंदाजाच्या जवळपास असते, त्यामुळे नग न विकला जाऊन परत जायची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी लिलावगृहाला याच आकड्याचं पत्र पाठवा. न विकलेल्या नगाचा मालक तेव्हा ऐकून घेतो.

वल्हेकरी
डेकॅलचा अतिनील फोटो मागवलाय. ३,४०० ची लेखी बोली आज देतो.